चार्जर बिघडलाय

"चार्जर बिघडलाय," आप्पा हरळे म्हणाले. दार त्यांनी अर्धंच उघडलं होतं आणि उघडलेल्या अर्ध्यात स्वतः उभे होते.

"तेच बघायला आलोय," मी म्हणालो.

"कशाला उगी तरास, साहेब. जुना झालाय. मानूस जुनं झालं की सामान बी जुनं हुतंच."

"मला सिस्टरनी पाठवलंय, आप्पा. तुमचा फोन कधी लावावा तर बंद. परवा चक्कर येऊन पडलात, ते दूधवाला आला म्हणून कळलं. तो आला नसता तर?"

सिस्टरचं नाव काढल्यावर ते बाजूला झाले. दवाखान्यातल्या काळोखे सिस्टर म्हणजे आमच्या वसाहतीतलं शेवटचं न्यायालय. त्यांच्यापुढे कार्यकारी अभियंत्याचंही काही चालत नसे, मग निवृत्त गेट ऑपरेटरची काय कथा.

खोलीत एक लोखंडी कॉट, पाण्याचा माठ आणि भिंतीवर धरणाचा एक जुना फोटो होता. सगळे दरवाजे उचललेले आणि खाली पांढरं पाणी उसळलेलं. आप्पांनी कपाटावरून एक टॉवेल काढला. टॉवेलात फोन होता. चार्जर वेगळ्या पिशवीत, केबल नीट गुंडाळून तिला रबर लावलेलं. बिघडलेली वस्तू कुणी इतकी जपून ठेवत नाही, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी खिशातून मीटर काढलं.

त्या मीटरचं आधी सांगायला हवं, कारण त्या दिवसांत माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

धरण बांधलं जात होतं तेव्हा आमच्या वसाहतीत म्हणे हजारो माणसं राहत होती. शाळा होती, सिनेमाचा पडदा होता, गणपतीत नाटकं व्हायची. मी शाखा अभियंता म्हणून तिथे हजर झालो तेव्हा क्वार्टर्सच्या रांगाच्या रांगा रिकाम्या पडल्या होत्या. खिडक्यांतून गवत बाहेर आलं होतं. माझ्या ओळीत दिवा लागणारी घरं दोनच, एक माझं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला आप्पांचं. मोबाइलचा टॉवर मात्र समोरच्याच डोंगरावर होता. त्यामुळे रेंज भरपूर. फोनच्या कोपऱ्यातल्या सगळ्या काड्या दिवसरात्र उभ्या असायच्या.

माझी बायको शलाका पुण्यात होती. तिची तिथे एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नोकरी होती, आणि तिच्या वडिलांना विसरभोळेपणा सुरू झाला होता, त्यांच्याकडेही तिला जावं लागे. बदली दोन-तीन वर्षांची, तेवढी काढू, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. एकदा ती येऊन राहून गेली. सकाळी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "इथे कशाचा आवाजच येत नाही रे." मला वाटलं होतं, तिला ते आवडलं.

मी रोज संध्याकाळी तिला फोन करायचो. आणि मग एक दिवस तो बंद लागायला लागला. संध्याकाळी बंद, सकाळी चालू.

"चार्जर बिघडलाय," ती म्हणाली. "दिवसभरात उतरतो आणि नंतर भरतच नाही."

"नवीन घे."

"घेतला. तोही तसाच."

आता माझ्यासारख्या माणसाला कुणी असं सांगितलं की त्याला काम मिळतं. मी ते मीटर मागवलं. काडेपेटीएवढी वस्तू. एक टोक चार्जरमध्ये खुपसायचं, दुसऱ्या टोकाला केबल लावायची, केबलला फोन. मधल्या पडद्यावर आकडे दिसतात, विजेचा दाब किती आणि प्रवाह किती. धरणावरच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दाब म्हणजे पाण्याची उंची, प्रवाह म्हणजे कालव्यातून जाणारं पाणी.

मी आधी माझे दोन चार्जर तपासले. मग ऑफिसातले. मग कँटीनवाल्याचा, पहारेकऱ्यांचे, सिस्टरचा. लोक हसायचे, पण आणून द्यायचे. ज्याच्यावर मोठा आकडा छापलेला असायचा तो निम्मासुद्धा द्यायचा नाही, आणि एखादा मळका, नाव पुसलेला चार्जर बघावं तर सुतासारखा सरळ चालायचा. केबलींची तर निराळीच गंमत. दिसायला सगळ्या सारख्या, पण एखादीच्या आत तारा इतक्या बारीक की अर्धा दाब वाटेतच मरायचा. मी ऑफिसातून आलो की टेबलावर सगळं मांडून बसायचो. अंधार पडायचा, कोपऱ्यातला दिवा लागायचा, आणि पडद्यावरचा आकडा स्थिर झाला की मला कुणीतरी बरोबर बसल्यासारखं वाटायचं.

ज्या दिवशी शलाकाचा फोन लागायचा त्या दिवशी मी तिला हेच सांगायचो.

"आज काय झालं माहितीये? स्टोअरकीपरचा चार्जर. वर लिहिलंय दोन अँपिअर, देतो अर्धा."

"हं."

"तुला वाटेल चार्जरचाच दोष. पण नाही. केबल बदलली आणि लगेच दीडवर गेला."

"अच्छा."

"पाइप बारीक असला की शेवटच्या नळाला पाणी पोचत नाही ना, अगदी तसं."

"उदय, मी आज," ती म्हणाली आणि थांबली.

"काय?"

"काही नाही. शेवटच्या नळाचं काय म्हणत होतास?"

मी ते पुन्हा सांगितलं.

शेवटी मी तालुक्याला जाऊन निरनिराळ्या कंपन्यांचे चार्जर आणि केबली आणल्या. हा चार्जर त्या केबलला, ती केबल ह्या चार्जरला, असं करत सगळ्यांत उत्तम जोडी निवडली. ती पुठ्ठ्याच्या खोक्यात कापसात बसवली आणि कुरिअरने पुण्याला पाठवली. आहेराची साडी पाठवावी तशी पाठवली. तिचा मेसेज आला, "मिळाला. थँक्स." थोडे दिवस संध्याकाळी फोन लागला. मग पुन्हा बंद.

"पुन्हा तेच रे," ती म्हणाली. "ह्याने पण होत नाहीये."

"शक्यच नाही. मी स्वतः मोजलाय."

"मग माझ्या फोनचंच काही असेल."

फोनच्या भोकात धूळ बसते, ती दातकोरण्याने कशी हलक्या हाताने काढायची हे मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. ती ऐकत होती.

हे सगळं असं चाललेलं असताना मी आप्पांच्या खोलीत बसलो होतो.

त्यांचा चार्जर बोर्डाला लावला, त्यात मीटर, मीटरला केबल, केबलला फोन. फोन बंदच होता. आप्पा कॉटच्या कडेला बसून माझ्या हाताकडे बघत होते, डॉक्टरच्या हाताकडे बघावं तसे. दाब चोख होता, हलत नव्हता. प्रवाह क्षणभर चढला आणि मग उतरत उतरत जवळजवळ शून्यावर येऊन बसला. मी माझी केबल लावून पाहिली. तेच. मग त्यांच्या चार्जरला माझा फोन लावला. आकडा एकदम वर उसळला.

"आप्पा, चार्जर ठणठणीत आहे. केबलही चांगली आहे."

"मग फोन बिघडला आसंल."

मी पुन्हा त्यांचा फोन लावला. पुन्हा शून्य. मला गंमत वाटली.

"बिघडला नाही हो. तो भरलाय. पोट भरलेल्या माणसापुढे ताट केलं तर तो जेवेल का? तसा हा वीज घेतच नाहीये, कारण ठेवायला जागाच नाही. थांबा, चालू करून दाखवतो."

"नगं," ते म्हणाले.

माझं बोट बटणावर होतं. त्यांनी हात पुढे करून फोन माझ्या हातातून काढून घेतला. त्या हाताला जोर नव्हता, पण मी सोडला. त्यांनी तो टॉवेलात ठेवला, टॉवेलाची घडी केली आणि घडी मांडीवर घेऊन बसले.

मी वायरी आवरायला लागलो. बाहेर कुणाची तरी म्हैस रिकाम्या क्वार्टरच्या ओट्यावर चढून उभी होती. तिच्याकडे बघत आप्पा आपणहून बोलायला लागले.

"त्या साली पानी लई चढलं हुतं. तुम्ही त्या वक्ताला शाळंत आसाल. दरवाजं उचलायचं काम माझ्याकडं. वरून हुकूम येईल तसं उचलायचं, उतरवायचं. घरला यायला सवडच न्हवती. आन हिला ताप भरला."

"तुमच्या बायकोला?"

"व्हय. बजरंग आला बोलवायला. माझा पोरगा. पावसात भिजत धरणावर आला. म्हनला, आईला तालुक्याला न्यायला पायजे, चला. म्या म्हनलं, दरवाजा सोडून न्हाई येत. खाली गावं हायती. तू कुनाची तर जीप बघ." त्यांनी टॉवेलाची घडी सारखी केली. "त्यानं बघितली. पर रस्ताच ऱ्हायला न्हवता. मी खाली उतरलो तवा अंगनात मानसं बसली हुती."

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही.

"पोरगं बोललं न्हाई कायबी. दिवस हुईस्तोवर ऱ्हायलं आन वापीला निगून गेलं. थितं कंपनीत हाय. लगीन बी थितंच केलं. लई वरसांनी ह्यो फोन धाडला, इकडं येनाऱ्या एका मानसासंगं. निरोप धाडला, बाबांना म्हनावं जवळ ठेवा, मी करीन."

"मग केला?"

आप्पांनी टॉवेलाच्या घडीवर हात ठेवला.

"पयल्यांदा उशाला घेऊन झोपायचो. न्हानीत गेलो तर दाराशी ठेवायचो, कडी न लावता. जरा खुट्ट झालं की बघायचो. तुम्हाला सांगतो साहेब, धरनाच्या भोंग्याची सुदिक म्या अशी वाट बघितली न्हाई. मग एक दिस चार्जिंग सपलं आन बंद पडला. त्या दिशी मला झोप लागली."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. सांगावं की न सांगावं असं त्यांच्या मनात चाललं असावं.

"चालू आसला की वाजत न्हाई ते समजतं. बंद आसला म्हंजी म्हनता येतं, केला आसंल त्यानं, लागला नसंल."

"मग भरून कशाला ठेवता, आप्पा?"

"आन येखांद्या दिशी चालू करावासा वाटला तर?"

मी उठलो. सिस्टरला काय सांगायचं, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "चार्जर बदलला म्हना." मी पिशवीतला एक चार्जर काढून त्यांच्या माठाशेजारी ठेवला, म्हणजे बोलणं अगदीच खोटं ठरायला नको. दारापर्यंत ते सोडायला आले. "ही गोष्ट आपल्यातच ऱ्हाऊ द्या," असं काही म्हणतील असं वाटलं होतं. तसं काही म्हणाले नाहीत. नुसतंच म्हणाले, "यंत्र चांगलं हाय तुमचं."

त्यांच्या घरापासून माझं घर ओळीच्या ह्या टोकाला. मधे सगळी बंद दारं. मी चालत आलो, कुलूप काढलं, नेहमीसारखा दिवा लावला. टेबलावर चार्जर आणि केबली पसरलेल्या होत्या. शलाकाला फोन करायची वेळ झाली होती. केला. पलीकडून त्या बाईचा आवाज आला, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती वगैरे. एरवी मी पहिल्या शब्दालाच फोन ठेवत असे. त्या दिवशी सगळं ऐकलं. मराठीतून, मग हिंदीतून, मग इंग्रजीतून. बाई काही केल्या चिडत नव्हती.

बराच वेळ मी तसाच बसून होतो. आप्पांचा फोन का बंद होता ते मला आता ठाऊक होतं. त्यांना मुलगा फोन करत नव्हता, म्हणून. पण शलाकाला तर मी रोज करत होतो.

टेबलावरचं काहीच मी त्या दिवशी तपासलं नाही.

शनिवारी सुट्टी टाकून मी पुण्याला गेलो. कळवलं नाही. कळवायचं ठरवलं असतं तरी बहुतेक फोन बंदच लागला असता, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होतो. मीटर खिशात होतं. का घेतलं होतं ते सांगता येत नाही. वैद्य पाहुणा म्हणून गेला तरी बटवा घेऊन जातो, तसं असेल.

दार शलाकानेच उघडलं. दुपारची वेळ, केस ओले, खांद्यावर पंचा. मला बघून ती दचकली नाही. "ये," म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

खोलीत सगळं जागच्या जागी होतं. ड्रॉइंगच्या टेबलाशेजारच्या बोर्डाला मी पाठवलेला चार्जर लावलेला होता, मी निवडलेली केबल, आणि तिच्या टोकाला फोन. फोनवरचा, पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा मला दारातूनच दिसला होता.

तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझी नजर कुठे आहे ते पाहिलं.

"मीटर आणलंयस?"

"हो."

"काढू नकोस."

"नाही काढत."

ती समोर बसली. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. किती आवाज होते त्या घरात.

"शलाका, चार्जर," मी सुरुवात केली.

"चांगला आहे, उदय," ती म्हणाली. "पहिलाही चांगलाच होता."

ती पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"दुसरं कुणी आहे असं तुझ्या मनात आलं असेल."

"बसमध्ये आलं होतं."

"तसं असतं तर सोपं गेलं असतं. सांगता आलं असतं." तिने ओले केस मागे सारले. "ऑफिसातून आले की मी एकटी असायचे, त्याचं काही वाटायचं नाही. सवय झाली होती. भाजी चिरायचे, रेडिओ लावायचे. मग तुझा फोन यायचा. तू सांगत राहायचास. पाणी किती वाढलं, कुठला चार्जर किती देतो. मी हं हं करायचे. आणि फोन ठेवला ना, की हे घर मला खायला उठायचं. आधी नसायचं तसं. फोन यायच्या आधी बरं असायचं, आणि नंतर रात्र जायची नाही. म्हणून मग मी त्या वेळेला बंद करायला लागले."

"तू बोलली असतीस तर..."

"एकदा बोलायला लागले होते." तिचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "बाबांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा ओळखलं नाही. मला म्हणाले, तुम्ही कुणाकडे आलात? मी वाटभर रडत आले, आणि तेवढ्यात तुझा फोन आला. तू शेवटच्या नळाचं सांगत होतास."

मला तो दिवस आठवला. स्टोअरकीपरचा चार्जर आठवला, अर्धा आणि दीड हे आकडेही आठवले. तिचा आवाज कसा होता, ते मात्र आठवेना. मी खरंच आठवून पाहत होतो.

"तू वाईट वागलास असं नाही," ती म्हणाली. "तू तिथे एकटा होतास, तुला काहीतरी हवं होतं. ते तू मला पाठवत होतास. कळत होतं रे मला. खोकं उघडलं, तर तो कापूस किती नीट लावलेला. मी खोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. पण मला त्याचा उपयोग नव्हता."

"मग आता?"

"आता चहा करते."

तिने चहा केला. आम्ही तो गॅलरीत उभं राहून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर तिच्या वडिलांकडे गेलो. ते माझ्याशी फार अदबीने बोलले आणि तुमचं गाव कोणतं म्हणून विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. शलाका माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि मला आशा धरावी असंही काही नव्हतं.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. पुढच्या वर्षी आम्ही वेगळे झालो. भांडण झालं नाही. वकिलाला म्हणे अशी माणसं क्वचित भेटतात. बदली करून घेऊन मी पुण्याला गेलो असतो तर, असा विचार मी तेव्हाही केला आणि नंतरही. एकदा तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "आला असतास, तरी संध्याकाळी टेबल मांडूनच बसला असतास." तिने पुढे लग्न केलं. तिचे वडील गेले तेव्हा तिने मला आपणहून कळवलं होतं. मी गेलो होतो.

आप्पांना बजरंगचा फोन आला की नाही, हे मला ठाऊक नाही. मी त्या वसाहतीत होतो तोवर मी ते विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. माझी बदली झाल्यावर दोन पावसाळ्यांनी सिस्टरचा निरोप आला, आप्पा झोपेतच गेले. अग्नी मुलाने येऊन दिला, असं त्या म्हणाल्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं, मी पुण्याहून परत आलो त्या संध्याकाळचं.

एसटी फाट्यावर सोडून गेली. तिथून वसाहत चालत. उन्हं डोंगरामागे गेली होती, पण उजेड होता. मी कुलूप काढलं, दिवा लावला. हातपाय धुतले. टेबलावरचे चार्जर, केबली गोळा करून एका खोक्यात भरल्या आणि खोकं माळ्यावर टाकलं. मग खुर्चीवर बसलो. ती माझी रोजची फोनची वेळ होती. हात सवयीने खिशाकडे गेला आणि वाटेत थांबला. असं वाटलं की आता ही वेळ रोज येणार. उद्याही येणार, परवाही येणार, आणि तिचं काय करायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"हॅलो," मी म्हणालो.

"साहेब, मी हरळे."

"आप्पा?"

"सिस्टरकडनं तुमचा लंबर घेतला. दिवा दिसला म्हनून लावला." ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होते, नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसे. "तसा समोरनंच आलो आसतो. पर म्हनलं, लागतोय का बघावं."

"लागला की."

"व्हय. लागला." मग म्हणाले, "पुन्याला जाऊन आलासा म्हनं?"

"आलो."

"बाईसाहेब बऱ्या हायती?"

"बऱ्या आहेत."

माझ्या बोलण्यात काहीतरी असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी खुर्ची खिडकीजवळ ओढली. ओळीच्या त्या टोकाला त्यांचं दार उघडं होतं आणि दारातल्या उजेडात त्यांची सावली उभी होती, एक हात कानाशी.

"बरं, आप्पा," मी थोड्या वेळाने म्हणालो, "मग ठेवू?"

"जरा असू द्या की," ते म्हणाले. "बोलायला पायजे असं न्हाई."

मी ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जरा घरघरणारा. माझाही त्यांना येत असेल. अंधार उतरत होता. खाली नदीकाठी टिटवी ओरडली. आधी ती मला खिडकीतून ऐकू आली, आणि मग लगेच, पुन्हा एकदा, फोनमधून.